स्वतःची गाणी स्वतःच काढून घर चालतं का?

सातारची_मैना (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचत होते, लिहायला आज बसले.

मी साताऱ्याची, वय २९, एका पतसंस्थेत नोकरी. गाण्यात विशारद झाले तेव्हापासून स्वतःच्या चाली बांधते. शब्द मैत्रिणीचे, चाल नि आवाज माझा, वाद्यं ओळखीतल्या मुलांची. गेल्या दोन वर्षांत चार गाणी काढली. कुठल्या कंपनीकडे गेले नाही. एका डिस्ट्रिब्युटरची वर्षाची वर्गणी भरली, त्याच्यामार्फत स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन सगळीकडे गाणी लागली. पावसावरच्या गाण्याला यूट्यूबवर १ लाख ४० हजार व्ह्यूज आले. घरचे खूश, ऑफिसातले खूश. मग हिशोबाची वही काढली. चार गाण्यांचा खर्च ९२ हजार. सगळीकडून मिळून आलेले पैसे पाच हजारांच्या आत.

मला गाणंच करायचंय, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. पण भाऊ अजून शिकतोय, बाबा रिटायर झालेत, घरात दरमहा ठरलेली रक्कम यावीच लागते. म्हणून ज्यांनी हे केलंय, करतायत किंवा करून सोडलंय त्यांना विचारते: मराठीत स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या माणसाचं पोट नक्की कशावर भरतं? "मेहनत घे" हे आई रोज सांगते आणि ती मी घेतेच. मला रस्ता हवाय.

भीमाकाठ

पहिला नंबर! लिंक द्या गाण्याची, मग बोलू.

सातारची_मैना

@भीमाकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. धाग्यावर जाहिरात नको.

भीमाकाठ

ऐकलं. दुसऱ्या अंतऱ्यात कोमल धैवतावर थांबलात तिथे मी गाडी बाजूला घेतली. बाकी लोकांना काय बोलायचं ते बोलू दे.

पेटीवाले_काका

मैनाताई, तुमचा प्रश्न जुनाच आहे, कपडे नवे घालून आलाय.

१९८४ साली गोव्यात गायक रेमो फर्नांडिस यांनी घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एक अख्खी कॅसेट ध्वनिमुद्रित केली. वाद्यं स्वतः वाजवली, आवाज स्वतःचे. आणि मग स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानोदुकानी स्वतः फिरले. मी तेव्हा म्हापशाला नोकरीत होतो. किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी ती कॅसेट मी स्वतः विकत घेतलेली आहे. मोठ्या कंपन्या नंतर आल्या. आधी स्कूटर आली.

आपल्याकडे शाहीर आणि जलशांचे कलावंत याहून आधीपासून हेच करत आलेत. गाणं स्वतःचं, गावोगाव जाऊन सादर करायचं, तिथेच छोटी पुस्तिका विकायची. म्हणजे 'स्वतंत्र कलाकार' हा काही मोबाइलबरोबर जन्मलेला प्राणी नाही. फरक एवढाच की रेमोंना दुकानदार चेहऱ्याने ओळखत होता आणि तुमची १ लाख ४० हजार माणसं कोण, कुठली, हे तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

रेवती_मगरपट्टा

काकांबद्दल आदर आहे, पण स्कूटरच्या काळाने आजचं गणित सुटत नाही. आज वितरण जवळजवळ फुकट झालंय, अडतं ते लक्ष वेधण्यापाशी. २०२४ सालीच बघा. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' रील्समधून देशभर गेलं, मराठी न कळणारे त्यावर नाचले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी हाऊस (इलेक्ट्रॉनिक नाचाचं) गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीपर्यंत पोचलं. दोन्ही सिनेमाबाहेरची गाणी.

तेव्हा मैना, ९२ हजारांत चार गाणी करण्यापेक्षा ४० हजार गाण्यावर आणि ५० हजार प्रसिद्धीवर घाल. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून सांगते.

तंबोरा_आणि_मी

रेवती, ही दोन नावं प्रत्येक चर्चेत येतात, म्हणून थोडं थांबून बघू. संजू राठोडची गाणी त्याआधीही येत होती, लोक लग्नांत, गणपतीत वाजवत होते. एका रात्रीत काही झालेलं नाही. आणि ती नाचाची गाणी आहेत. मैनाचं गाणं भीमाकाठ यांना गाडी थांबवायला लावणारं आहे. त्याला पंधरा सेकंदांचा तुकडा पुरत नाही. प्रत्येक गाण्याला एकच बाजार दाखवू नये.

आता पैशाचं. पोट कशावर भरतं असं विचारलंत म्हणून आकड्यांसह सविस्तर लिहितो. मी अकरा वर्षं हेच करतोय, पुण्यात.

लोकांना वाटतं, एकदा ऐकलं की अमुक पैसे असा दर असतो. तसा दर नसतो. एखाद्या देशात महिनाभरात जाहिराती आणि वर्गणी मिळून जे जमतं, त्यातला ठरलेला वाटा एका मडक्यात पडतो. त्या महिन्यात तिथे जेवढं संगीत ऐकलं गेलं त्यात तुमचं जेवढं, तेवढा तुमचा हिस्सा. भारतात बहुतेक लोक फुकट, मध्ये मध्ये जाहिराती ऐकत ऐकतात. मडकं लहान, वाटेकरी अफाट. तुमचे खरे चाहते दिवसभर तुमचंच गाणं लावून बसले तरी त्यांची वर्गणी त्याच मोठ्या मडक्यात जाते. साउंडक्लाउडने २०२१ पासून वेगळी पद्धत सुरू केली, ज्याने ज्याला ऐकलं त्याचे पैसे त्यालाच. मोठ्या सेवांनी ती सरसकट उचललेली नाही.

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आला: मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा तरी ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याचा मोबदला धरतच नाहीत. मैना, तुमच्या चार गाण्यांपैकी किती वर आहेत ते बघा.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मग मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे.

माझं स्वतःचं गेल्या वर्षीचं सांगतो. शंभर रुपये आले असतील तर साठ कार्यक्रमांचे, बावीस शिकवण्यांचे, बारा दुसऱ्यांसाठी केलेल्या कामाचे (नाटकाला पार्श्वसंगीत, दोन पॉडकास्टची शीर्षकं). सगळी ॲप्स मिळून उरलेले सहा. पण एक लक्षात घ्या. ते साठ रुपये ज्या कार्यक्रमांचे, त्यातल्या बहुतेकांनी मला आधी यूट्यूबवरच ऐकलं होतं. ते सहा रुपये गेले तर साठातले चाळीस जातील.

कोयना_एक्सप्रेस

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

सातारची_मैना

@तंबोरा_आणि_मी, आत्ता बघितलं. चारपैकी दोन गाणी १,००० च्या खाली. एक ९४० वर आहे. मामेभावंडांना आत्ता फोन करू का?

तंबोरा_आणि_मी

भावंडांनी आवडीने ऐकलं तर उत्तम. पण रात्रभर मोबाइल लावून ठेवायला कुणाला सांगू नका, आणि "दहा हजार स्ट्रीम देतो, दोन हजार द्या" म्हणणाऱ्यांच्या तर वाऱ्याला उभ्या राहू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने अशी एक प्लेलिस्ट विकत घेतली. आठवड्यात आकडा फुगला, महिन्यात गाणंच काढून टाकलं गेलं. खोट्या स्ट्रीमसाठी स्पॉटिफाय आता डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, आणि डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करतो. त्या पोराचं गाणं खरंच चांगलं होतं. फार वाईट वाटलं.

त्यापेक्षा हे करा: पुढचं गाणं तयार झालं की तारीख महिनाभर पुढची धरा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायची सोय कलाकाराच्या खात्यात असते, ते किमान सात दिवस आधी द्यावं लागतं. फुकट आहे.

ढोलकी_बोलते

मी गात नाही, मी वाजवतो. धाग्यात वादकांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमचं गाव नगर जिल्ह्यात. पूर्वी आर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचो, सीझन दिवाळी ते मे. लॉकडाउनमध्ये सगळं बंद. तेव्हा चुलतभावाने एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी पेटी) आणि दोन माइक आणून दिले. आता मला ई-मेलवर गाणी येतात. समोरचा क्लिक (लयीची टिकटिक) आणि कच्चं गाणं पाठवतो, मी हेडफोन लावून वाजवतो, दाया-बाया वेगवेगळ्या ट्रॅकवर करून परत पाठवतो. न्यू जर्सीपासून नांदेडपर्यंत. माणसाचं तोंड बघितलेलं नसतं.

घराच्या खाली पिठाची गिरणी आहे आमचीच. ती चालू असली की भिंत थरथरते आणि घिस्सा (ढोलकीवर हात घासून काढलेला आवाज) मारला तर त्यात गिरणीचा 'हूं' मिसळतो. म्हणून गिरणीची वेळ सकाळी आठ ते बारा, माझी वेळ दुपारी एक ते चार. त्या वेळेत दळण घेऊन आलेली माणसं बाहेर बाकावर बसतात आणि ऐकतात. एक आजी तर म्हणाल्या, परवाचं परत वाजव.

पैसे आर्केस्ट्रापेक्षा बरे आणि जागरण नाही. पण दोन गोष्टी खटकतात. नाव लागत नाही. आणि एकदा वाजवलेले तुकडे कापून दुसऱ्या गाण्यात चिकटवतात, विचारत पण नाहीत. आता मी कामाआधीच लिहून घेतो: एकच गाणं, आणि श्रेयनामावलीत नाव. तर मैनाताई, तुमच्या गाण्यात ज्या मुलांनी वाजवलं त्यांची नावं डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये भरली का? रकाना असतो तिथे.

सातारची_मैना

@ढोलकी_बोलते दादा, यूट्यूबच्या वर्णनात लिहिली आहेत, फॉर्ममध्ये नाही. रकाना आहे हेच माहीत नव्हतं. आज दुरुस्त करते. मनापासून माफी, त्यांचीही मागेन.

इंद्रायणी_तीर

गिरणीवरून आठवलं. आमच्या घरी रेकॉर्डिंग म्हणजे लाकडी कपाट उघडायचं, आत आजीच्या चार गोधड्या लटकवायच्या, दार अर्धं लावून तोंड आत घालायचं. कापसाच्या गोधडीसारखं आवाज शोषणारं दुसरं काही नाही. बाजारचा फोम आणून बघितला, नुसती टोचरी धार कमी होते, खालचा घुमारा राहतो. एका गाण्यात शेवटच्या सुरावर वरच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी बरोब्बर पंचमात लागली. ठेवली तशीच!

भीमाकाठ

कुठल्या पट्टीचा पंचम? कंपनी सांगा, आम्हीपण तोच कुकर घेतो.

कोयना_एक्सप्रेस

इकडे पत्र्याचं छप्पर. जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग बंद. कोकणातल्या कलाकाराने गाणी उन्हाळ्यातच करावीत.

पेटीवाले_काका

मुलांनो, धागा कपाटात शिरला. बाहेर काढा.

कलम_अठरा

काढतो. मी वकील आहे, धाकटी बहीण गीतकार, त्यामुळे हा विषय घरचा.

मैनाताई कंपनीकडे गेल्या नाहीत, पण कंपन्या त्यांच्याकडे येतील. १ लाख ४० हजार व्ह्यूज झाले की फोन येतोच. बहिणीला आला होता. पंधरा हजार रुपये आणि चार पानांचा करार. गीत, त्यावरचे सगळे हक्क, सगळ्या जगात, कायमचे, "आज ज्ञात असलेल्या व भविष्यात शोधल्या जाणाऱ्या" सर्व माध्यमांत. बहीण सही करायला पेन घेऊन बसली होती, मी रविवारी सहज घरी गेलो म्हणून वाचलं.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी बाजू मांडली होती. त्यानंतर कलम १८ असं सांगतं की गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. सोडला असं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. आणि कलम १९: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

पण हा वाटा आपण होऊन चालत घरी येत नाही. तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होतात, प्रत्येक गाण्याची नोंद करतात, कुणाचा किती वाटा ते लिहितात. डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. चालीचे आणि शब्दांचे पैसे निराळे. मैनाताईंचे ते दोन वर्षं कुठेतरी बिननावाचे पडून असू शकतात. तुम्ही आणि तुमची मैत्रीण, दोघींनी सभासद व्हा. गायक-वादकांच्या हक्कांसाठीही वेगळी संस्था आहे, इसाम्रा. ढोलकीवाल्या दादांनी तिकडे चौकशी करावी.

आणि सगळ्यात आधी, आजच, मैत्रिणीबरोबर एका कागदावर लिहून ठेवा: शब्द तिचे, चाल तुमची, ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं. मैत्री घट्ट आहे तेव्हाच लिहायचं असतं.

रेवती_मगरपट्टा

हे फार मोलाचं आहे. मी प्रसिद्धीचं बोलत राहिले, पण पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही नव्या कलाकाराने नोंदणी केलेली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. यापुढे विचारेन.

नामाचा_गजर

अभंगांचं काय? मी तुकोबांचा अभंग गाऊन टाकला, दुसऱ्या दिवशी हक्काचा दावा आला. तुकाराम महाराजांच्या शब्दांवर कोण दावा लावतं? संताप झाला.

कलम_अठरा

शब्द तुकोबांचे, म्हणजे सगळ्यांचे. पण चाल कुठली घेतलीत?

नामाचा_गजर

खळे साहेबांची. रेडिओवर लहानपणापासून ऐकलेली.

कलम_अठरा

मग दावा शब्दांवर नाही, चालीवर आहे. चालीवर संगीतकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं हक्क असतो. श्रीनिवास खळे गेले २०११ साली, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा मूळ ध्वनिमुद्रण ओळखतेच, गायलेली चालही ओळखू शकते. अशा दाव्यात बहुधा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. तुम्ही स्वतः चाल बांधा. तुकोबांचे साडेचार हजारांहून जास्त अभंग गाथेत आहेत, त्यातले किती गायले गेलेत?

नामाचा_गजर

पटलं. राग गेला. आणि खरं सांगू, गाथा उघडून बसलोय आत्ता.

पेटीवाले_काका

एका धाग्यातून एक नवी चाल निघाली तरी आमचं भरून पावलं.

हिशेबी_मिलिंद

सीए आहे, थोडक्यात लिहितो. यूट्यूबच्या खात्यात कराचा फॉर्म भरा. जून २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून होणाऱ्या कमाईवर तिथला कर कापला जातो. भारत-अमेरिका कराराचा फायदा घेतलात तर त्या भागावर १५ टक्के. फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. कार्यक्रमाच्या मानधनातून आयोजक टीडीएस कापतात तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, अनेक कलाकार मागतच नाहीत. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारण वर्षाला २० लाख, त्यामुळे त्याची आत्ता काळजी नको. माइक, इंटरफेस, डिस्ट्रिब्युटरची वर्गणी, सगळ्याची बिलं जपा, हा तुमचा खर्च आहे. ९२ हजारांची बिलं आहेत ना?

सातारची_मैना

साठ हजारांची आहेत. उरलेले वादकांना हातात दिले.

हिशेबी_मिलिंद

यापुढे खात्यावर द्या. त्यांनाही उद्या कर्जाला उत्पन्नाचा पुरावा लागेल.

शिकागोची_सई

इकडची बाजू. आमच्या महाराष्ट्र मंडळाची मी तीन वर्षं सांस्कृतिक सचिव होते. गणपती, दिवाळी, पाडवा, प्रत्येक वेळी गाणारं माणूस हवं असतं आणि दर वेळी तीच चार-पाच नावं पुढे येतात, कारण दुसरं कोण गातं ते आम्हाला कळतच नाही. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही मोठी संस्था १९८१ पासून आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं. प्रत्यक्ष आणायचं तर कलाकारांचा पी-३ व्हिसा, कागदपत्रं, वेळ, पैसा, सगळंच मोठं. पण मागच्या वर्षी आम्ही नाशिकच्या एका मुलीची दहा शनिवार ऑनलाइन कार्यशाळा ठेवली, इथल्या मुलांना भावगीत शिकवायची. सतरा मुलं होती. दोघांच्या आयांनी पुढे खासगी शिकवणी लावली ती अजून चालू आहे. डॉलरमध्ये.

मैना, तुझ्या चॅनेलवर संपर्काचा पत्ता आहे का? मी शोधला, नाही सापडला. आणि तीन मिनिटांचा असा एक व्हिडिओ ठेव ज्यात तू समोर बसून, साध्या तंबोऱ्यावर गातेस. आम्ही कार्यक्रम ठरवताना तेवढंच बघतो.

अर्धी_रात्र

सगळे गोड गोड बोलतायत म्हणून कडू सांगतो. मी सोडलं. सात वर्षं बँड होता, मराठी रॉक. २०१९ ला मोठ्या महोत्सवात वाजवायला बोलावलं, "मानधन नाही पण एक्सपोजर मिळेल." पाच जण, मुंबईहून टेम्पो, वाद्यांचं भाडं, सगळं खिशातून. लोक नाचले, आम्ही रडलो, आनंदानेच. घरी आलो तर ड्रमरच्या बायकोने विचारलं, महिन्याचा हप्ता कशातून भरायचा? उत्तर नव्हतं. आता मी विमा कंपनीत आहे. गिटार आहे भिंतीवर, रविवारी काढतो.

मैना, पतसंस्था सोडू नको. निदान दोन वर्षं सलग पगाराएवढं गाण्यातून येईपर्यंत नको. हे मी प्रेमाने सांगतोय.

तंबोरा_आणि_मी

अर्धी_रात्र यांच्याशी सहमत. मी नोकरी सोडली तेव्हा वीस शिकवण्या हातात होत्या. आणि फुकट कार्यक्रमाचं म्हणाल तर माझा एकच नियम: जिथे मांडववाल्याला, जेवणवाल्याला, लाउडस्पीकरवाल्याला पैसे मिळतात, तिथे गाणाऱ्यालाही मिळाले पाहिजेत. जिथे कुणालाच मिळत नाहीत, तिथे मी आनंदाने फुकट गातो.

मेटलचा_मावळा

बँडचं बोलताय तर दिल्लीच्या ब्लडीवूडचं बघा ना. यूट्यूबवर सुरुवात, ढोल आणि मेटल, २०१९ ला जर्मनीत वाकेन महोत्सवात. चाहत्यांनी पॅट्रिऑन या वर्गणीच्या साइटवर दरमहा पैसे दिले.

इंद्रायणी_तीर

त्यांचे चाहते जगभर आहेत. मराठी श्रोता दरमहा वर्गणी देईल? मी असंच एक पान चालू केलं होतं. ३१ जण आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे नियम बदलले, पुढच्या महिन्यात १२ उरले. लोकांना द्यायचे होते, कार्ड जात नव्हतं.

आता सरळ व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, १८० माणसं. नवं गाणं आधी त्यांना पाठवते, सोबत यूपीआयचा क्यूआर. ज्याला वाटेल तो देतो. कुणी २१, कुणी ५०१. एका काकूंनी दर एकादशीला ५१ पाठवायचं व्रतच धरलंय. एका गाण्याचा खर्च यातून निघतो. गाण्यांची ॲप्स बघा, विंक २०२४ मध्ये बंद झालं, रेसो त्याच वर्षी जानेवारीत गेलं. त्यांच्यावरचे माझे श्रोते त्यांच्याबरोबरच गेले. हे १८० मात्र माझ्या फोनमध्ये आहेत.

पेटीवाले_काका

इंद्रायणीताई, हीच ती स्कूटर!

रेवती_मगरपट्टा

काका, घ्या. मानलं.

इंद्रायणी_तीर

आणि मैना, घरगुती बैठक कर. आपल्याकडे ही रीत आहेच, नवं काही शिकवायला नको. कुणाचा तरी मोठा हॉल किंवा वाड्याचं माजघर, तीस-चाळीस माणसं, सतरंजी, माइक नाही. आधी सांगून माणशी ३०० रुपये. मध्यंतरात कॉफी. पहिल्याच बैठकीत माझे खर्च जाऊन साडेसात हजार राहिले, म्हणजे तुझ्या १ लाख ४० हजार व्ह्यूजपेक्षा जास्त. दर महिन्याला एक, वेगळ्या गावात. सातारा, वाई, कराड, सांगली. प्रत्येक बैठकीतून ग्रुपमध्ये पंधरा-वीस माणसं येतात आणि तीच पुढच्या गावातल्या नातेवाइकांना सांगतात.

सातारची_मैना

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. बारा दिवस झाले, सगळं दोनदा वाचलं.

वादकांची नावं भरली. त्यातल्या बासरीवाल्या मुलाला सांगितलं तर तो काही बोललाच नाही, फक्त स्क्रीनशॉट त्याच्या आईला पाठवला. मैत्रिणीबरोबर कागद केला, दोघींच्या सह्या, आयपीआरएसचे फॉर्म भरायला घेतलेत. यूट्यूबचा कराचा फॉर्म भरला. संपर्काचा पत्ता टाकला. सईताई, तंबोऱ्यावरचा व्हिडिओ काल केला, गोधड्या लावून. मामीची वाकळ सगळ्यात भारी निघाली. ९४० वालं गाणं १,०२२ वर गेलं, एकाही भावंडाला फोन न करता. या धाग्यावरच्याच माणसांचं काम दिसतंय.

नोकरी सोडत नाही. साहेबांशी बोलून शनिवार सुट्टीचा करून घेतलाय, त्या दिवशी शिकवण्या. तीन मुली आल्या आहेत.

आणि येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाईला आत्याच्या वाड्यात बैठक ठरवली आहे. माजघरात पस्तीस माणसं मावतात, बावीस नावं आली. तबल्याला एक जण आहे, पेटीला कुणी मिळेना.

ढोलकी_बोलते

ताई, नावं भरलीत, बरं वाटलं. त्या रविवारी गिरणी बंद ठेवून येतो. ऐकायला. ३०० कुठे पाठवू?

भीमाकाठ

दोन जागा माझ्या. गाडी या वेळी वाड्याबाहेरच लावतो.

पेटीवाले_काका

मी सध्या मुलाकडे, पाचगणीला. पेटी बरोबर असते. एकाहत्तर वर्षांचा आहे, मध्ये एकदा पाय मोकळे करायला उठेन, तेवढं चालवून घ्या. पट्टी कुठली?

सातारची_मैना

काका! काळी चार. मानधन आधी ठरवू, मग तालीम.

पेटीवाले_काका

ठरवू. काळी चारचा एक स्वर जरा अडकतोय, तो परवापर्यंत दुरुस्त करून घेतो.